कापलेल्या कोपऱ्याची कार्डं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याच्या एका रुग्णालयात एक्स-रे विभागात लागलो, आणि पहिली दहा-बारा वर्षं भर दिवसाही अंधारात काढली. तेव्हा फिल्म डार्करूममध्ये धुवावी लागे. मिणमिणता लाल दिवा, औषधाच्या टाक्या, आणि त्यांचा आंबूस वास कपड्यांना धरून घरापर्यंत यायचा. एकाच आकाराच्या सहा-सात फिल्म एका वेळी टाकीत असत. त्यात अपघाताच्या रुग्णाची कोणती, हे त्या उजेडात कळायचं नाही. म्हणून मी तिचा एक कोपरा कैचीनं कापत असे. बोट फिरवलं की कळे. तीच आधी धुवायची, आधी वाळवायची, आधी डॉक्टरांकडे न्यायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. हाताला लागलेली सवय होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

पुढे सीटी स्कॅन आलं, डार्करूमची गरज कमी झाली आणि मी त्या मशीनवर गेलो. सुरुवातीला डोक्याला मार लागलेल्यांचेच फोटो. मग दोन हजारनंतर काही वर्षांनी नवं मशीन आलं, ज्याच्यावर हृदयाचाही फोटो निघे. जुन्या मशीनवर धडधडतं हृदय हात हलल्यावर काढलेल्या फोटोसारखं यायचं, नुसतं धूसर. नव्यावर रुग्णाला गोळी देऊन नाडी मंद केली आणि त्यानं दहा-बारा सेकंद श्वास रोखला की हृदय थांबल्यासारखं स्वच्छ दिसे. मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता.

आमच्या हृदयरोगाच्या डॉक्टर मॅडमनी त्या मशीनवर एक काम सुरू केलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा थोड्या दिवसांनी फोटो घ्यायचा आणि मग तो माणूस वर्ष-दोन वर्षांत कसा राहतो ते पाहायचं. शिरेतून औषध सोडून एक फोटो, दहा मिनिटं थांबून दुसरा. हृदयाचा जो स्नायू मेलेला असतो त्यात ते औषध रेंगाळतं, म्हणून दुसऱ्या फोटोत तेवढा भाग पांढरट येतो. तो भाग किती मोठा, भिंत किती पातळ झाली, कुठे फुगवटा आला का, आत रक्ताची गाठ धरली का, हे मॅडम मोजत. कोणाला पुढे जास्त धोका आहे ते आजच ओळखता आलं, तर त्याला लवकर-लवकर बोलावून सांभाळता येईल, असा त्यांचा विचार होता. सरळ आणि चांगला विचार होता तो. मी आजही त्यात खोट काढू शकत नाही.

फोटो काढणं आणि लोकांना पुन्हा बोलावणं, दोन्ही कामं माझ्याकडे आली. खेड्यांत फोन थोडे. म्हणून आम्ही जोडकार्ड वापरायचो. एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आमचा मजकूर, वर रुग्णाचं नाव, मग आपली तब्येत कशी आहे, अमुक तारखेला तपासणीला यावे. दुसरं रुग्णानं भरून, फाडून परत टाकायचं. मॅडमनी मला एकच ताकीद दिली होती. "कोणाला धोका जास्त आहे हे कार्डावर कुठेही येता कामा नये. उघडं कार्ड असतं, अर्धं गाव वाचतं."

ते मला पटलं. पण परत आलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून जास्त धोक्याच्या लोकांची कार्डं आधी हाताशी यायला हवी होती. तेव्हा मी ती कार्डं पाठवण्यापूर्वी, दोन्ही पानं एकावर एक ठेवून, एक कोपरा कैचीनं कापायला लागलो. काही लिहिलं नाही. ताकीद मोडली नाही. मॅडमना विचारण्याइतकी ती मोठी गोष्ट वाटलीच नाही.

ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे मयताची बातमी देणारं कार्ड कोपरा फाडून पाठवत. पोस्टमन ते घरात देत नसे, बाहेरूनच हाक मारी. वाचून झालं की ते तिथंच फाडायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणि अंगावरून पाणी घ्यायचं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मी आंजी गावचा. माझ्या आईनं असं एक कार्ड अंगणात उभं राहून वाचलेलं मी पाहिलं आहे. तिच्या भावाचं होतं. तरीही त्या टेबलाशी बसून कैची चालवताना ते एकदाही आठवलं नाही. हात डार्करूममधला होता आणि डोकं जेवणाच्या सुट्टीकडे लागलेलं.

गिरडचे एक गृहस्थ आमच्याकडे आले ते याच दिवसांत. पन्नाशी ओलांडलेले. टेकडीवर दर्गा आहे, तिच्या पायथ्याशी त्यांचं दुकान होतं. इलायचीदाणे, अगरबत्ती, चादरी, मुलांची खेळणी. टेबलावर निजवून मी श्वास रोखायचं समजावून सांगत होतो.

"सास रोका म्हनता ते ठीक हाये," ते म्हणाले. "पन मंग सोडा म्हनाचं विसरले त?"

"मशीनच सांगते, काकाजी."

"मशीन काऊन सांगन? तिले का माह्या घरचं पडलं हाये?"

ते हसले की नाडी वाढायची आणि मला पुन्हा थांबावं लागायचं. दोन फोटोंच्या मधल्या दहा मिनिटांत ते घरचं बोलले. धाकट्या भावानं वाटणीवरून भांडून अगदी लागूनच तसलंच दुकान टाकलं होतं, मधे फक्त एक टिनाचा पत्रा. बायको त्या भावाचं नाव काढू देत नाही. "अन् मी मरलो त पह्यले तोच रडन," ते म्हणाले. मग विचारलं, "याच्यात दिसते का, आपन किती दिवस टिकतो ते?"

"ते मॅडम पाहतात."

"मॅडम पाह्यतीन. पन तुमी बी त पाहूनच राह्यले."

मी पाहत होतोच. हृदयाच्या टोकाकडची भिंत कागदासारखी झाली होती, तिथे फुगवटा, आणि फुगवट्यात गाठ. मॅडमनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली, तीन महिन्यांची औषधं दिली. ते घरी निघाले तेव्हा मी त्यांना बजावलं, "पुढची तारीख कार्डानं येईल. कार्ड आलं की लगेच या."

कार्ड मी पाठवलं. कोपरा कापून. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं दुसरं पाठवलं.

हळूहळू असं दिसायला लागलं की बऱ्या लोकांची कार्डं भरून परत येत होती आणि ज्यांची खरी काळजी होती त्यांचीच येत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "हे लोक बहुतेक फार आजारी असतील. तुम्ही एकदोन घरी जाऊनच या." म्हणून मी हिंगणघाटला उतरलो, तिथून समुद्रपूर, आणि समुद्रपूरहून गिरडची एसटी धरली. उन्हानं सीट तापलेली होती. मला वैताग आला होता, हेही लिहून ठेवतो. लोकांच्या भल्यासाठी कार्डं पाठवा आणि वर त्यांच्या दारात जा.

गिरडच्या स्टँडवर उतरून मी एका पोस्टमनला घर विचारलं. म्हातारा माणूस, सायकल टेकवून चहा पीत होता.

"कोनाचं घर? अजी, ते त गेले. तेरवी बी होऊन गेली."

मी काहीतरी बोललो असेन. तो पुढे सांगायला लागला. "मले त आदीच खटकलं होतं. कोपरा नसलेलं कार्ड आलतं, अन् मजकुराच्या वर बी त्यायचंच नाव. एकदा नाई, दोन डाव. जित्या मानसाले!" त्यानं फुंकर मारून चहा घेतला. "अन् हातानं फाटेल नाई, बरं का. कैचीनं कापेल, एकदम सरळ. यमाचं हापिस बी शिकून गेलं वाट्टे."

टपरीवरची माणसं हसली. मला आधी काही कळलंच नाही. मग 'कैचीनं' हा शब्द लागला आणि आईनं अंगणात वाचलेलं ते कार्ड आठवलं. मी टपरीच्या बाकावर बसलो. त्यानं विचारलं, "तुमी नात्यातले काय?" मी म्हणालो, "दवाखान्यातून आलो."

परत फिरायला हवं होतं, किंवा सरळ जाऊन सगळं सांगायला. मी त्यांच्या घरी गेलो आणि दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची बायको होती. दवाखान्यातून आलो म्हटल्यावर तिनं सतरंजी टाकली. "आता काऊन आले, भाऊ?" एवढंच म्हणाली, आणि चहा ठेवला.

कार्डाचं मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, कारण तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. "पह्यलं कार्ड आलं, म्या रस्त्यावरच फाडलं. न वाचताच. आंगावरून पानी घेतलं अन् बसली वाट पाहत, कोनाकडचं हाये म्हनून. कोनीच नाई मेलं. दुसरं आलं तवा पोस्टमनले म्हटलं, कोन गेलं ते नुस्तं नाव वाच. त यायचंच नाव. म्या हातातून हिसकून नालीत फेकलं. यायले नाई सांगतलं. कसं सांगू?"

"त्यांची औषधं?" मी विचारलं.

"सरली होती. मी म्हनो जा दवाखान्यात, त हे म्हनत, त्या साहेबानं सांगतलं हाये कार्ड येईन. कार्ड आलं का जातो, तवाच नव्या गोळ्या आनतो. रोज पुसत, दवाखान्याचं कार्ड नाई आलं अजून? म्या म्हनो, नाई आलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता पडले."

मी चहाचा कप धरून होतो.

"कोनी धाडलं ते मले माईत हाये," ती म्हणाली आणि टिनाच्या पत्र्याकडे पाहिलं. "यायच्यावर कोनाचा राग? पाठच्याचाच. मढ्याजवळ सगळ्यायसमोर सांगतलं म्या. खांदा नाई देऊ देल्ला. दूर उभा राहून रडत होता, ढोंगी."

त्या क्षणी पाच शब्द पुरले असते. तो माणूस पत्र्याच्या पलीकडे बसला होता, त्याच्या रेडिओचा आवाजही येत होता. मी चहा संपवला, कागदावर मृत्यूची तारीख लिहून घेतली आणि "सांभाळा" म्हणून निघालो.

रुग्णालयात परत आल्यावर कैची खणात टाकली. सगळ्यांना नवी, धड कार्डं पाठवली. त्यावर काही जण आले. एकानं टेबलाशी उभं राहून विचारलंही, "साहेब, तुमचं कार्ड पाहून घरी रडारड झालती, काऊन?" मी म्हणालो, टपालात फाटलं असेल. काही जण आलेच नाहीत. त्यांच्यापैकी कोण आजारानं गेला आणि कोण माझ्या कार्डानं, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आताही कळत नाही. गिरडच्या गृहस्थांसमोर रजिस्टरमध्ये मी 'मृत' लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'हृदयविकार'.

सात-आठ महिने गेले. कामावर जात होतो, येत होतो. बायको म्हणायची, तब्येत दाखवून घ्या, रोज दिवसभर त्या मशीनजवळच असता. रुग्णाला "श्वास रोखा" म्हटलं की मला गिरडच्या काकाजींचा प्रश्न आठवे आणि मी उगाच दोनदा सांगायचो, आता सोडा, आता सोडा.

मग एका दुपारी मॅडमनी कॉम्प्युटरवर दोन रेषा दाखवल्या. फोटो चांगला असलेल्यांची रेषा वरून जवळजवळ आडवी जात होती. पांढरा भाग मोठा असलेल्यांची पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत होती. एक माणूस गेला की एक पायरी. "बघा," त्या म्हणाल्या, "फोटोनं बरोबर सांगितलं होतं." त्यांना आनंद झाला नव्हता. पण खूप दिवसांच्या कामाला आकार आल्यावर माणूस जसा थकून खुर्चीत मागे टेकतो तशा टेकल्या होत्या.

ती रेषा मला बघवेना. फोटोनं ज्यांना धोका सांगितला, नेमक्या त्यांनाच मी दवाखान्यापासून तोडलं होतं. खालची रेषा किती त्यांच्या हृदयानं ओढली आणि किती माझ्या कैचीनं, हे आता कोणालाच वेगळं करता येणार नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आंजीच्या अंगणासकट.

मॅडम स्क्रीनकडून माझ्याकडे वळल्या. "हे तुम्ही मला आज सांगताय?"

"हो."

"मी हे कुठेही पाठवलं असतं. लोकांनी यावर विश्वास ठेवला असता." मग आवाज खाली आला. "त्या बाईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्यासमोर काय उभे आहात? आधी तिकडे जा."

त्यांनी ते काम तिथंच थांबवलं. मला ओरडल्या नाहीत, बदलीही केली नाही. पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्याच हाताखाली होतो आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला बरेचदा वाटलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी गिरडला गेलो. ती दुकानात बसली होती, इलायचीदाण्यांच्या पुड्या बांधत. मला ओळखलं. मी बसलो नाही. म्हणालो, ती कार्डं दवाखान्याची होती, तपासणीची तारीख होती त्यावर, मीच पाठवली होती, कोपराही मीच कापला होता. का कापला ते सांगायला लागलो, पण डार्करूम, फिल्म, गठ्ठा, सगळं माझ्याच कानाला खोटं वाटायला लागलं आणि मी थांबलो.

"मंग भाऊजीनं नाई धाडलं?"

"नाही."

"तुमी धाडलं."

"हो."

तिनं हातातली पुडी बांधून पूर्ण केली. "मांगच्या डावी चहा पेऊन गेले तुमी," ती म्हणाली. "तवा माईत होतं तुमाले?"

"होतं."

ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि दुकानाबाहेर पडून पत्र्याच्या पलीकडे गेली. तिकडचा रेडिओ बंद झाला. मला शब्द कळत नव्हते, फक्त तिचा आवाज येत होता. एक गिऱ्हाईक आलं, अगरबत्ती मागितली. मी म्हणालो, मालकीण येतील आता.

ती आली तेव्हा दीर मागे होता. चाळिशीचा, भावासारखंच कपाळ. दुकानाच्या आत न येता पायरीशीच उभा राहिला. मला वाटलं, हात उचलेल. मी तयार होतो. त्यानं नुसतं विचारलं, "वहिनी सांगून राह्यली ते खरं हाये?"

"खरं आहे."

"मंग कागदावर लिहून द्या. माह्या सासरचे लोक बी तेच धरून बसले. माह्या पोरीची सोयरीक मोडली त्याच्यापायी. माह्या तोंडचं कोन आयकते आता?"

तिनं पुड्यांच्या कागदांतून एक कोरा कागद काढून दिला. मी काउंटरवर वाकून लिहिलं. ही कार्डं मी पाठवली. कोपरा मी कापला. मयताच्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. खाली नाव, हुद्दा, सही. त्यानं वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

"आनखी एक लिहा," तो म्हणाला. "भाऊ दवाखान्यात आला असता त वाचला असता का, ते."

"ते नाही सांगता येत."

"तुमच्या मशीनमधी त दिसते म्हने, कोन जगते अन् कोन नाई."

"कोणाला धोका जास्त ते दिसतं. एका माणसाचं असं नाही सांगता येत. आले असते तर गोळ्या मिळाल्या असत्या. कदाचित..."

"कदाचित नोका लिहू," तो म्हणाला. "सांगता येत नाई, असं लिहा."

मी तसं लिहिलं आणि पुन्हा सही केली. कागद त्याच्या हातात दिला. तोवर पायरीपाशी शेजारची तीन-चार माणसं जमली होती, तो पोस्टमनही त्यांच्यात होता. दीर कागद खिशात ठेवायला गेला तर तिनं तो काढून घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"तुमीच वाचा."

मी वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीवर तिनं थांबवलं.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "रस्त्यापर्यंत आयकू गेलं पाह्यजे. मढ्याजवळ म्या मोठ्यानं म्हटलं होतं."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.